प्लेस्टेशनची प्रश्नावली आणि आपली प्रश्नावली



पेटची तयारी करणाऱ्या मुला-मुलींकडून एक प्रश्न मला वारंवार येतो: "मॅडम, प्रस्तावात 'साहित्याचा चिकित्सक आढावा' लिहा म्हणतात. आढावा समजला. चिकित्सक म्हणजे नेमकं काय करायचं?" खरं सांगायचं तर पीएचडीच्या पहिल्या वर्षी मलाही ते कळलं नव्हतं. अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं, आणि शेवटी 'यावरून या विषयात संशोधनाची गरज दिसून येते' असं एक वाक्य चिकटवून मी मोकळी झाले होते. गाईडने त्यावर फक्त एक पेन्सिलची रेघ मारली होती.

म्हणून आज व्याख्या सांगत बसत नाही. एकच निर्देशक घेते, तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या प्रस्तावात असतो तोच: 'घरात इंटरनेट सुविधा आहे का? हो / नाही.' आणि त्याच्याशेजारी दुसरी एक प्रश्नावली ठेवते, जी मी आठवीत असताना जालन्यात एका टीव्हीच्या पडद्यावर पाहिली होती. ती सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची होती. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

२०११ चा मे महिना. सुट्टीत मी नव्या जालन्यात मामाकडे गेले होते. मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) इंजिनीअरिंगला होता आणि रोज ये-जा करायचा. घरात एक कॉम्प्युटर, त्यावर विंडोज एक्सपी, आणि नेटसाठी यूएसबीत खोचायचा एक डोंगल. त्या वर्षी मामाने दादाला प्लेस्टेशन घेऊन दिला होता, त्यावरून मामी आणि मामाचं काय बोलणं झालं ते इथे नको. अडचण अशी की डोंगल चालायचा फक्त कॉम्प्युटरवर. प्लेस्टेशनला यूएसबीचं भोक होतं, पण त्यात डोंगल घातला तर तो त्याला ओळखायचाच नाही. प्लेस्टेशनमध्ये वायफायही होतं, पण ते पकडायला घरात वायफायच नव्हतं. राउटर नाही, आणि हॉटस्पॉट देणारा मोबाइल तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या खिशात नव्हता.

मग दादाने केलं ते असं. कॉम्प्युटरच्या मागच्या लॅन पोर्टमधून एक केबल काढली, खाटेखालून फिरवून टीव्हीजवळ आणली आणि प्लेस्टेशनमध्ये खोचली. मग एक्सपीमध्ये नेटवर्क कनेक्शन्स उघडून डोंगलच्या कनेक्शनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे 'या कॉम्प्युटरच्या इंटरनेटमधून इतरांना जाऊ द्या' अशा अर्थाची एक चौकट असते, तिच्यात टिक. एवढंच. मायक्रोसॉफ्टने ही सोय १९९९ मध्ये, विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आणली होती. टिक केली की कॉम्प्युटर स्वतःच्या लॅन कार्डाला १९२.१६८.०.१ हा पत्ता घेतो (विंडोज ७ पासून तो १९२.१६८.१३७.१ असतो), केबलच्या दुसऱ्या टोकाला जे काही असेल त्याला त्याच मालिकेतला पुढचा एखादा पत्ता देतो, आणि त्याच्या वतीने बाहेर बोलायला लागतो. थोडक्यात, कॉम्प्युटर राउटरचं काम करायला लागतो.

आता प्लेस्टेशनची प्रश्नावली. सेटिंग्जमध्ये 'इंटरनेट कनेक्शन टेस्ट' असायची. ती लावली की एकेक ओळ सावकाश भरत जायची. पत्ता मिळाला का? मिळाला. इंटरनेटपर्यंत पोचलो का? पोचलो. प्लेस्टेशन नेटवर्कवर साइन-इन झालं का? त्याखाली 'नॅट टाइप', पुढे १, २ किंवा ३. मग उतरणारा वेग आणि चढणारा वेग, वेगवेगळे.

त्या मे महिन्यात आमच्याकडे पहिल्या दोन ओळी पास व्हायच्या आणि तिसरी नापास. दादाने दोन दिवस केबल काढून घातली, टिक काढून पुन्हा केली, फायरवॉल बंद करून पाहिली. मग पेपरात बातमी वाचली. सोनीचं अख्खं प्लेस्टेशन नेटवर्कच २० एप्रिलपासून बंद होतं. त्यात कोणीतरी घुसलं होतं, सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली होती, आणि जगभरातले लोक आमच्यासारखेच ताटकळत बसले होते. महिन्याच्या मध्यावर ते टप्प्याटप्प्याने सुरू झालं आणि आमची तिसरी ओळ एक दिवस आपोआप पास झाली. दादाला आनंदापेक्षा रागच जास्त आला, कारण उत्तर दोन दिवस पडद्यावरच लिहिलेलं होतं. घरापासून इंटरनेटपर्यंत सगळं ठीक, त्यापुढे बिघाड. ते त्याने वाचलं नव्हतं.

इथे थांबा. चांगल्या साधनाचं हे पहिलं लक्षण मी तुम्हाला दाखवतेय. बिघाड *आहे* एवढंच सांगून ते थांबत नाही, बिघाड कोणत्या पायरीवर आहे तेही सांगतं. 'नेट चालतंय का? नाही' एवढंच प्लेस्टेशनने म्हटलं असतं, तर दादाने केबल बदलायला दुकान गाठलं असतं.

साइन-इन झाल्यावरही चौथी ओळ त्रास देतच राहिली: नॅट टाइप ३. गेम अपडेट व्हायचे, ट्रेलर उतरायचे, दुकान उघडायचं. पण औरंगाबादच्या मित्राबरोबर खेळायला बसलं की कधी जोडणी व्हायची नाही, कधी आवाज यायचा नाही. नॅट म्हणजे काय ते वाड्यावरून सांगते. मोठ्या वाड्याला बाहेरून एकच पत्ता असतो, आत खोल्या दहा. देवडीवर एक माणूस बसलेला. आतून कोणी पत्र पाठवलं की तो वहीत लिहून ठेवतो, अमक्या खोलीतून अमक्याला गेलं. उत्तर आलं की वही बघून बरोबर त्या खोलीत पोचवतो. पण बाहेरून कोणी आपणहून आला, वहीत ज्याची नोंदच नाही, तर देवडीवरचा माणूस त्याला परत पाठवतो. त्याला माहीतच नसतं की हा कोणत्या खोलीकडे निघालाय. तुम्ही बाहेर जाऊन मागू शकता, पण तुमच्याकडे कोणी येऊ शकत नाही.

ही पद्धत १९९४ मध्ये लिहून मांडली गेली, कारण जगातले इंटरनेटचे पत्ते संपत चालले होते. घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले १९२.१६८ सारखे पत्ते १९९६ मध्ये ठरले. आमच्याकडे तर एकामागे एक दोन देवड्या असाव्यात: एक दादाचा कॉम्प्युटर, आणि दुसरी डोंगलच्या कंपनीची, कारण मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे बसवतात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून सुरू होणारी वेगळी मालिकाच राखून ठेवावी लागली. प्लेस्टेशनने या सगळ्याचा हिशेब एका आकड्यात दिला होता. टाइप १ म्हणजे मध्ये कोणी नाही, थेट. टाइप २ म्हणजे राउटरमागे, पण बहुतेक चालेल. टाइप ३ म्हणजे नेट आहे, पण दुसऱ्या खेळाडूंशी बोलणं अडेल.

म्हणजे बघा, एका खेळण्याच्या डब्याला 'इंटरनेट आहे' याच्या तीन प्रती माहीत होत्या. शिवाय घेण्याचा वेग आणि देण्याचा वेग वेगळा मोजायचा असतो हेही.

आता आपल्याकडची साधनं बघू.

२०११ च्या जनगणनेत घरयादीच्या वेळी कॉम्प्युटरबद्दल विचारलं गेलं: कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, इंटरनेटसह की इंटरनेटविना. देशात ३.१ टक्के घरं 'इंटरनेटसह' निघाली. नीट वाचा, या वर्गवारीत इंटरनेट ही कॉम्प्युटरची शेपटी आहे. कॉम्प्युटर नसेल तर इंटरनेट असूच शकत नाही, असं प्रश्नाने आधीच गृहीत धरलंय. मोबाइलवर नेट वापरणारं घर त्यात सापडणार नाही. या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार आहे, आणि पाचातले चार जण ग्रामीण. त्यातल्या कोणाच्या हातात मोबाइलवर नेट होतं हे ती वर्गवारी सांगू शकत नाही. मामाचं घर मात्र नक्की 'इंटरनेटसह' या रकान्यात बसलं असतं.

पुढचं साधन तुम्ही सगळे उद्धृत करता ते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी, जुलै २०१७ ते जून २०१८, शिक्षणावरची. ग्रामीण भागात ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर, १४.९ टक्के घरांत इंटरनेट सुविधा. शहरी भागात २३.४ आणि ४२. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा हे आकडे प्रत्येक लेखात, प्रत्येक अग्रलेखात होते. योग्यच होतं, दुसरं होतं काय हातात?

(एक कंसातली तक्रार. या फेरीच्या केंद्रीय नमुन्यातून जालना जिल्ह्याचा वेगळा विश्वासार्ह आकडा निघत नाही. नमुना त्यासाठी आखलेलाच नाही. तरी 'जालना जिल्ह्यातील ग्रामीण भागात १४.९ टक्के' असं लिहिलेले प्रस्ताव मी दोनदा वाचलेत. देशाचा आकडा जिल्ह्याला चिकटवू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल.)

आता या 'इंटरनेट सुविधा' शब्दामागची आंतरराष्ट्रीय व्याख्या बघा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने घरोघरच्या मोजमापासाठी पुस्तिका काढलेली आहे, देशोदेशीची सांख्यिकी खाती तिचा आधार घेतात. त्यात 'घरात इंटरनेट' याची व्याख्या उदार आहे. इंटरनेट कॉम्प्युटरवरूनच असलं पाहिजे असं नाही, मोबाइलवरून चालेल, टीव्हीवरून चालेल, आणि गेमच्या यंत्रावरूनही चालेल. हो, गेमचं यंत्र तिथे चक्क नावाने आहे! मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा ग्रंथालयात एकटीच हसले. दादाच्या प्लेस्टेशनला जिनिव्हाने मान्यता दिली होती.

पण त्याच पुस्तिकेत आणखी एक अट आहे, जी आपण उद्धृत करताना गाळतो. साधन घरातल्या सगळ्यांना, केव्हाही वापरता येण्यासारखं असलं पाहिजे. सगळ्यांना. केव्हाही. मालकी कोणाचीही असो.

आता त्याच सुट्टीतला मेअखेरचा एक दिवस. मामेबहिणीचा बारावीचा निकाल ऑनलाइन लागणार होता. ती सकाळपासून न जेवता बसलेली. दादाची परीक्षा सुरू होती, तो सकाळीच औरंगाबादला गेला होता. कॉम्प्युटर घरात, प्लेस्टेशन घरात, खाटेखालची केबल जागच्या जागी. आणि डोंगल दादाच्या खिशात. मुद्दाम नव्हे, तो तसा दप्तरात राहायचाच. शिवाय कॉम्प्युटरला पासवर्ड होता आणि तो ताईला माहीत नव्हता. तिने कधी विचारला नव्हता, त्यानेही कधी सांगितला नव्हता. आम्ही दोघी उन्हात कॅफेत गेलो, रांगेत उभ्या राहिलो, दहा रुपये दिले आणि निकाल बघितला. पास झाली, मार्कही चांगले पडले. घरी आल्यावर मामीने पेढे वाटले, आणि इंटरनेट असलेल्या घरातली मुलगी निकाल बघायला कॅफेत का गेली, हा प्रश्न कोणाच्याही, माझ्याही, डोक्यात आला नाही.

त्या दिवशी दुपारी कोणी सर्वेक्षक आला असता तर मामाने काय सांगितलं असतं? "हो, आहे की नेट. पोराने बसवलंय." आणि ते खोटं नव्हतं.

निर्देशकावरची माझी टीका ही इथून सुरू होते. व्याख्येत 'सगळ्यांना, केव्हाही' ही अट आहे, आणि प्रश्नात ती तपासायची काहीच सोय नाही. संकल्पना एक आणि मोजमाप दुसरंच, यालाच तुमच्या पाठ्यपुस्तकात वैधतेचा प्रश्न म्हणतात. नेटच्या पहिल्या पेपरासाठी तुम्ही 'वैधता म्हणजे जे मोजायचं तेच मोजणं' असं पाठ केलेलं असतं. पाठ करा, पण त्याचं उदाहरण म्हणून थर्मामीटर सांगू नका, मामाचं घर सांगा.

दुसरा मुद्दा एककाचा. प्रश्न *घराला* विचारलाय. कनेक्शन शेअर करणाऱ्या घरात एक यंत्र यजमान असतं, बाकीची त्याच्या जिवावर. यजमान झोपला की सगळे झोपले, हे इथे अक्षरशः खरं आहे: विंडोज स्लीपमध्ये गेलं की प्लेस्टेशनचं नेट तुटायचं. लाइट गेल्यावर तर विचारूच नका, कॉम्प्युटरला यूपीएस होता, टीव्हीला नव्हता. आणि यजमान यंत्रामागे एक यजमान माणूस असतो. त्याच ७५ व्या फेरीत पाच वर्षांवरील व्यक्तींनाही विचारलंय, आणि तिथे ग्रामीण पुरुषांत १७.१ टक्के लोकांना इंटरनेट वापरता येतं, स्त्रियांत ८.५ टक्के. निम्म्याने फरक. घराच्या आकड्यात हा फरक पूर्ण बुजून जातो, कारण घराला लिंग नसतं. दोन्ही आकडे एकाच अहवालात असूनही बातम्यांत आणि प्रबंधांत घराचाच आकडा फिरतो. (आणि कृपा करून घरांच्या टक्केवारीतून व्यक्तींची टक्केवारी वजा करू नका. छेद वेगळे आहेत. हेही मी एका सादरीकरणात पाहिलंय.)

वापरता *येणं* आणि वापरायला *मिळणं* यातही अंतर आहे, ताईला सगळं येत होतं. तिनेच मला ईमेल काढून दिला होता.

मग साहित्यात यावर कोणी लिहिलंय का? लिहिलंय, आणि चांगलं लिहिलंय. जेना बरेल यांनी २०१० मध्ये ग्रामीण युगांडातल्या मोबाइल शेअरिंगवर लेख लिहिला. एका फोनभोवती खरेदी करणारा, मालक, जवळ बाळगणारा, चालवणारा अशा भूमिका वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतात, असं त्या दाखवतात. शेअरिंगमुळे आजारी माणसासारख्या गरजूंना फोन मिळतो, पण स्त्रिया त्यातून पद्धतशीर बाहेर राहतात. 'एका फोनवर दहा जणांचं भागतं' असं कौतुकाने म्हणणाऱ्या विकासवाल्यांना हा लेख वाचायला द्यावा. त्याच वर्षी नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी बंगळूरच्या वस्त्यांमधल्या कामावरून 'मध्यस्थामार्फत वापर' ही कल्पना मांडली: कोणी दुसऱ्यासाठी फोन लावून देतं, कोणी शेजारी बसून चालवून देतं, कोणी पडद्यावरचं वाचून सांगतं. दोन्ही लेख वाचाच, भाषा अवघड नाही.

पण चिकित्सक आढावा म्हणजे कौतुक करून पुढे जाणं नव्हे, तर माझी कुरकुर अशी. या दोन्ही ठिकाणी मध्यस्थ *दिसतो*. मुलगा आईसाठी नंबर लावतोय, संशोधक ते बघू शकतो, टिपू शकतो. मामाच्या घरात मध्यस्थ दिसत नव्हता. चौकटीत एकदा टिक केली की दादा तिथे नसला तरी त्याचा निर्णय तिथे असायचा. कोणाला लॅन केबल, कोणाला नाही, डोंगल कुठे, पासवर्ड कोणाला, हे सगळं आधीच ठरून सेटिंग्जमध्ये जाऊन बसलेलं. प्लेस्टेशनला पत्ता मिळाला होता, ताईला नव्हता. आणि कोणी कोणाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं. नकार दिलाच नाही तर मुलाखतीत तो नोंदवायचा कसा? या संशोधनांच्या चौकटीत 'मध्यस्थ' हा माणूस आहे. माझ्या मते त्यात यंत्राची मांडणीही घ्यायला हवी. हे माझं मत आहे, अजून सिद्ध केलेलं नाही, आणि गाईडना ते अर्धंच पटलंय.

सर्वेक्षणवाल्यांची बाजूही मांडते, नाहीतर टीका एकांगी होईल. ७५ व्या फेरीत १ लाख १३ हजारांहून जास्त घरं होती. तिथे एकेक जादा प्रश्न म्हणजे प्रवास, पगार, थकवा. सर्वेक्षक अंबडच्या एखाद्या तांड्यावर भर दुपारी दारात उभा असतो, घरच्यांना मोसंबीला पाणी द्यायची घाई असते. त्याने नॅट टाइप विचारावा अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. आणि हो-नाही प्रश्नाचा एक गुण मान्यच करावा लागतो: उत्तर देणाऱ्याला तो कळतो, आणि दहा वर्षांनी पुन्हा तसाच विचारून तुलना करता येते. देशाचा कल बघायला तो पुरतो. पण 'या घरातली मुलगी ऑनलाइन वर्गात बसू शकेल का' हे ठरवायला तोच वापरला, तर तो पुरत नाही, आणि २०२० मध्ये आपण तो त्यासाठीच वापरला. प्रश्न बनवणाऱ्यांपेक्षा वापरणाऱ्यांचा दोष मोठा, आणि वापरणाऱ्यांत मीही आले.

कशी, ते सांगते. माझ्या पूर्वचाचणीच्या वेळी मी बदनापूर तालुक्यातल्या एका गावात घरोघर फिरत होते. प्रश्नावली मीच बनवलेली, सहावा प्रश्न अर्थातच: घरात इंटरनेट आहे का? एका घरात अकरावीतली मुलगी, मोठा भाऊ कारखान्यात कामाला. मुलीकडे जुना मोबाइल, त्यात रिचार्ज नाही. भाऊ संध्याकाळी घरी आला की हॉटस्पॉट चालू करतो, मग हिचं चालतं. मी 'हो' ला गोल केला आणि पुढच्या घरी गेले. रात्री फॉर्म लावताना खाटेखालची ती केबल आठवली. यंत्रं बदलली होती, कॉम्प्युटरच्या जागी भावाचा फोन आणि प्लेस्टेशनच्या जागी बहिणीचा, बाकी मांडणी तीच. यजमान सकाळी खिशात बसून कामावर जातो.

मग मी सहावा प्रश्न मोडून तीन केले. ज्या यंत्रावरून नेट येतं ते घराबाहेर गेलं तर घरात काय उरतं? नेट चालू करायला कोणाला सांगावं लागतं? गेल्या आठवड्यात कधी थांबावं लागलं, आणि थांबून काय बुडालं? प्लेस्टेशनच्या ओळींचीच ही नक्कल आहे, पायरी पायरीने. पहिल्या प्रश्नाने फार चांगलं काम केलं. लोक क्षणभर थांबतात, घरात नजर फिरवतात आणि मग खरं सांगतात.

तिसऱ्याने मात्र दगा दिला. मी त्याच मुलीकडे पुन्हा गेले तेव्हा भाऊ घरी होता, शेजारीच बसला होता, चहा त्यानेच सांगितला. मी विचारलं, "कधी थांबावं लागतं का?" ती म्हणाली, "नाही ओ ताई, दादा लगेच देतो." आणि त्याने मान हलवली. दादा चांगला आहे यात मला शंका नाही, आमचाही दादा चांगलाच होता. पण माझी लाडकी उपमा तिथे मोडली. प्लेस्टेशनला भावाची भीड नसते. तो चाचणीत 'टाइप ३' लिहून मोकळा होतो, समोर कोणीही बसलेलं असो. माणूस प्रश्नाला उत्तर देताना घरालाही उत्तर देत असतो. म्हणजे साधन पायऱ्या-पायऱ्यांचं केलं तरी ते कोणासमोर, कुठे बसून विचारायचं हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर सोनीच्या मेनूमध्ये नाही.

सध्या मी एक जुगाड करून पाहतेय. 'थांबावं लागतं का' असं न विचारता कालचा दिवस विचारते. सकाळी उठल्यापासून मोबाइलवर काय काय केलं, किती वाजता, कुठे बसून. उत्तर देणारीला त्यात कोणाची तक्रार करावी लागत नाही, आणि वेळा आपोआप समोर येतात. वेळ लागतो, फॉर्म दोन पानांनी वाढलाय, आणि गाईड म्हणतात नमुना कमी करावा लागेल. कमी केला तर आकडेवारीच्या पेपरवाले विचारतील, एवढ्या नमुन्यावर काय सिद्ध करणार. त्यावर मी अजून विचार करतेय.

त्या घराचा पहिला फॉर्म अजून माझ्या फाइलमध्ये आहे. सहाव्या प्रश्नाला निळ्या पेनाने 'हो' ला केलेला गोल तसाच ठेवलाय, आणि बाजूला पेन्सिलने नंतर लिहिलंय: रात्री आठनंतर, दादा आल्यावर.